पादेलोणातला टाक

युरिया म्हटलं की माणसांना खताचं पोतं आठवतं. आठवू दे, त्यात काही चूक नाही. पण त्या युरियाला एक चुलतभाऊ आहे, थायोयुरिया, आणि माझं त्याच्याशी रोजचं येणंजाणं. धारवाडजवळ बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत मुलामा चढवणाऱ्या एका कारखान्यात मी केमिस्ट आहे. लोखंडावर तांबं, तांब्यावर निकेल, असले थर चढवायचं आमचं काम. तिथं हा थायोयुरिया कपाटात कुलपात असतो. दिसायला साखरेसारखा पांढरा, म्हणून तर कुलूप.

गुणाचा आहे, नाही असं नाही. गंजलेलं लोखंड ॲसिडात घातलं की ॲसिड गंज खातं, पण गंज संपला तरी पानावरून उठत नाही, चांगलं लोखंडही खायला लागतं. पंगतीत असे पाहुणे असतातच. तिथं चिमूटभर थायोयुरिया टाकला की तो लोखंडाच्या अंगाला चिकटून बसतो आणि ॲसिडाला पुढं येऊ देत नाही. तांब्याच्या टाकीत अगदी थोडा घातला तर मुलामा चकचकीत येतो. हात सैल सुटला तर तोच मुलामा ठिसूळ होऊन पापुद्रे धरतो. बटाट्याचं बियाणं झोपेतून उठावं म्हणून शेतकरी याच्या पाण्यात भिजवतात. आणि चांदीवरचा काळा थर तर हा डोळ्यांदेखत उतरवतो. आमच्या घरात जो गोंधळ झाला तो या शेवटच्या गुणापायी.

माझं माहेर जुन्या हुबळीत. आम्ही मूळचे मिरजेकडचे. पणजोबा भांड्यांच्या व्यापाराला म्हणून इकडं आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण लागलं की दोन्ही. माझा थोरला भाऊ, अण्णा, कोप्पीकर रोडला भांड्यांचं दुकान चालवतो. साठी उलटली तरी सकाळी कुलूप स्वतः उघडतो. आई त्याच्याजवळ असते. माझं सासर धारवाडात, म्हणजे म्हटलं तर दुसरं गाव, म्हटलं तर बसचा एक स्टॉप. आणि वहिनी, अण्णाची बायको, निपाणीची. कामाला वाघ, मनानं लोणी, आणि घासण्यापुसण्याच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही ऐकायची नाही.

आईनं ऐंशी ओलांडली तेव्हा तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. गुरुजी सांगून झाले, आचारी ठरला, देवापुढं कार्याची सुपारी ठेवून देवांना आमंत्रण झालं. आणि कार्य दोन-तीन दिवसांवर आलं असताना वहिनीचा मला फोन आला. आवाजात नुसता आनंद. म्हणे, अक्का, देव बघायला या. चांदी साफ करायचं पाणी मिळतं बाजारात, बाटलीतलं. बुडवलं आणि काढलं, बस्स. इतकी वर्षं चिंच आणि रांगोळी घेऊन हात मोडून घेतले, काय की बाई. काल दुपारी केलं, आज अत्यांनी पूजासुद्धा केली. वहिनी माझ्या आईला अत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

मी म्हटलं, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि त्यात थायोयुरिया आला. मी हातातलं काम बाजूला ठेवलं. कारण आई रोज देवांना आंघोळ घालून ते पाणी तीर्थ म्हणून घेते, तळहातावरचा शेवटचा थेंबसुद्धा टाळूला लावते. थायोयुरिया पोटात जायची वस्तू नव्हे. थायरॉइडला तो वाईट, आणि कॅन्सरचाही संशय त्याच्यावर आहे. आम्ही हातमोज्याशिवाय त्याला शिवत नाही. मी वहिनीला सांगितलं, देव गरम पाण्यानं पुनःपुन्हा धू, मी येईपर्यंत तीर्थ कुणी घ्यायचं नाही, आणि जमलं तर पूजाही थांबव. ती हळूच म्हणाली, कार्याचं आमंत्रण दिलेले देव बिनपूजेचे कसे ठेवू? मी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशीची रजा टाकली.

सकाळी बसनं हुबळीला उतरले, तिथून रिक्षा करून घरी पोचले तेव्हा आई पूजेला बसली होती. वहिनी स्वयंपाकघरात. देव खरंच असे पांढरे दिसत होते की मी मनात म्हटलं, शाबास रे चुलतभावा.

आता आमच्या देवांबद्दल सांगायला हवं. देव्हाऱ्यात चार टाक. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली छोटी मूर्ती, अंगठ्याएवढी. एक खंडोबा, एक जोतिबा, एक अंबाबाई. चौथा टाक देवाचा नाही. तो माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, पहिल्या बायकोचा. अण्णा तिचा मुलगा. तो रांगता असताना ती काविळीनं गेली, आणि मग माझी आई या घरात आली. पहिली गेल्यावर दुसरी केली तर दुसरीनं पहिलीचा टाक देवात ठेवायचा आणि तिला मान द्यायचा, ही रीत. आम्ही सगळे तिला मोठी आई म्हणतो. तिचा फोटो घरात नाही. एकच होता, तो तिच्या माहेरचे घेऊन गेले म्हणे.

रीत सगळीकडं असते, पण आईनं त्यात आपली भर घातली होती. ती पहिलं कुंकू देवांना लावायची नाही, मोठ्या आईला लावायची. एकदा गुरुजींनी समजावून बघितलं की आधी देव, मग माणूस. आई होय होय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. घरातल्या रोजच्या गोष्टीला का म्हणून कोण विचारतं?

तर आई बसली होती. करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलेलं, आणि हात तसाच अधांतरी. तिनं एक टाक उचलला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, तिरका केला, खाली ठेवला. दुसरा उचलला. तोही ठेवला. अंगठ्यानं तिसऱ्याचं पोट चाचपलं. वर्षानुवर्षं घासून टाकांवरची नक्षी बसत आली होती. जी दिसायची ती रेघांत साचलेल्या काळ्यामुळं. वहिनीच्या बाटलीनं तो काळाच धुऊन नेला. आता तिथं चार चकचकीत पत्रे होते. माझे डोळे धड आहेत म्हणून मला खिडकीच्या उजेडात घोडा दिसत होता, हत्यार दिसत होतं.

शेवटी आईनं एक टाक पुढं घेतला आणि त्याला कुंकू लावलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तो जोतिबा."

तिचा हात थांबला. तिनं विचारलं, "मग ती कुठली?"

मोठ्या आईचा टाक तिच्या गुडघ्यापुढंच होता. मी तिथंच पाटाशेजारी फरशीवर बसले. थायोयुरियाबद्दल बोलायला आले होते ते सगळं विसरले. इतकी वर्षं जी बाई डोळे मिटून हे चार टाक ओळखायची असं आम्ही समजत होतो, ती मला विचारत होती की तुझी मोठी आई कुठली. वहिनी दुधाचं पातेलं हातात घेऊन दारात उभी होती. तिनंही ऐकलं.

आई मान खाली घालून म्हणाली, "इतक्या वर्षांत तिचं पहिलं कुंकू चुकलं नव्हतं. काल कुणाला लावलं, मला ठाऊक नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन मागंच झालं होतं, पण त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यामागचा पडदा सुकत चाललाय, गेलेलं परत येणार नाही. तिनं घरात येऊन एवढंच सांगितलं की थेंब दिलेत. समोर बघितलं की मध्ये डाग, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून ती टाक तिरका करायची, आणि कडेच्या नजरेत रेघांचा काळा रंग आला की ओळख पटायची. घोड्याचे दोन टाक बाजूला, हात उगारलेली ती अंबाबाई, हात जोडलेली ती मोठी आई. पेपर वाचणं तिनं सोडलं होतं, त्यात वाचण्यासारखं काही नसतं म्हणून. तांदूळ निवडायचं सोडलं होतं, पाठ धरते म्हणून. आम्ही सगळ्यावर विश्वास ठेवला, कारण आम्हाला ते सोयीचं होतं.

वहिनीचं काय झालं असेल, सांगायला नको. पातेलं ओट्यावर ठेवून ती देव्हाऱ्याजवळ आली आणि आईचे पाय धरून रडायला लागली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. म्हणत होती, अत्या, मी तुमचे डोळेच धुऊन टाकले की. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, तिच्या हाताचं कुंकू वहिनीच्या केसांना लागलं. मला वहिनीची दया आली आणि त्या बाटलीवाल्याचा राग आला, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. मोठ्या आईचा टाक मी आईच्या हातात दिला, तिनं त्याला कुंकू लावलं, पण चेहरा उजळला नाही. मी घरात रोज असणार नव्हते.

दुपारी अण्णा जेवायला घरी आला. ताटावर बसल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो व्यापारी माणूस, अडचण ऐकली की घास संपायच्या आत तोड काढतो. वहिनीकडं बघून म्हणाला, सोपं आहे, उद्यापासून पूजा ही करेल. आईनं शेजारी खुर्चीवर बसून नामस्मरण करावं. नाहीतरी समई, निरांजन, पदर, कुठं काय पेटेल याची मला आता धास्तीच. आणि पहिलं कुंकू मोठ्या आईलाच लागेल, त्याची काळजी नको, ही लावेल.

वाईट काही नव्हतं त्यात. प्रेमानंच बोलत होता. पण आईला ज्या गोष्टीची भीती होती ती हीच, आणि म्हणूनच तिनं डोळ्यांचं लपवलं होतं. देव्हारा एकदा हातातून गेला की गेला. मी आईकडं बघितलं. तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"हे माझं आणि तिचं आहे," ती म्हणाली. "मध्ये कुणी यायचं नाही."

अण्णा म्हणाला की अगं, मध्ये कोण येतंय, सोय बघतोय. तेव्हा आईनं ते सांगितलं, जे तिनं अप्पांनाही कधी सांगितलं नसावं. तिच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट.

"तू दाराआड लपला होतास. कुणी बोलावलं तरी येईनास, काही खाईनास. मला काय करावं सुचेना. मी तिच्या टाकाला कुंकू लावलं आणि म्हटलं, बाई, तुझं पोर मला दे, रोजचं पहिलं कुंकू तुझं. संध्याकाळी तू येऊन माझ्या मांडीवर झोपलास. तिनं तिचा शब्द पाळला. मी माझा कसा मोडू?"

कोप्पीकर रोडवर गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये तावातावानं वाद घालणारा माझा भाऊ अर्ध्या ताटावरून उठला. मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला. बराच वेळ नळ वाहत होता. एरवी पाणी वाया घालवलं म्हणून वहिनी ओरडली असती.

तेवढ्या वेळात मी डोकं चालवत होते. मला रडण्यापेक्षा तेच बरं जमतं. चांदी काळी पडते ती गंधकामुळं. हवेतलं, अन्नातलं गंधक चांदीवर बसतं आणि काळा थर होतो. थायोयुरिया तो थर सोडवून पाण्यात ओढून नेतो, जाताना जराशी चांदीही नेतो. मग उपाय सरळ होता. गंधक परत द्यायचं. काळा पुन्हा धरला की रेघा पुन्हा दिसतील, आईला आईचा देव्हारा परत मिळेल.

सराफाकडं टाक पाठवले असते तर त्यानं दोन मिनिटांत काळे करून दिले असते. पण आईनं आधीच सांगितलं, सुपारी ठेवलीय, आता कार्य होईपर्यंत देव उंबऱ्याबाहेर जाणार नाहीत. ठीक आहे, मग घरातच. मी म्हटलं, सगळ्यात सोपं म्हणजे उकडलेलं अंडं. अर्धं कापून डब्यात ठेवायचं, शेजारी चांदी, झाकण घट्ट लावायचं. वहिनीचं रडणं जागच्या जागी थांबलं. आमच्या घरात आजवर अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. डोळे पुसून ती म्हणाली की अक्का, मी पाप केलंय हे मान्य, पण देवांना अंड्याबरोबर डब्यात बसवायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. अण्णा मोरीतून बाहेर आला होता, तो हसायला लागला. आईसुद्धा हसली. मी एकटीच आपली गंभीर. अंड्यात दुसरं काय वाईट आहे, गंधकच तर आहे, असं मी समजावत होते, आणि कुणी ऐकत नव्हतं.

वहिनीनं अण्णापुढं ताकाचा पेला ठेवला. त्याचा वास माझ्यापर्यंत आला आणि मी जागेवरून उठले. ताकात पादेलोण होतं. पादेलोण म्हणजे काळं मीठ. त्याला जो अंड्यासारखा वास येतो तो गंधकाचाच. उपासाला चालतं, नैवेद्याच्या ताकाला चालतं, देवांना काय म्हणून चालणार नाही? वहिनीनं डबा काढून दिला. तिचा जीव भांड्यात पडला.

खिडक्या उघड्या टाकल्या, आई उजेडाला खुर्ची घेऊन बसली. जुन्या स्टीलच्या पातेल्यात मी भरपूर पादेलोण गरम पाण्यात विरघळवलं, त्यात चार थेंब लिंबू पिळलं. सबंध घरात असा वास सुटला की शेजारीण दारात येऊन विचारून गेली. केमिस्टच्या सवयीनं आधी परीक्षा घेतली, वहिनीच्या जुन्या जोडव्यावर. जोडवं आधी पिवळं झालं, मग तांबूस, मग बराच वेळ गेला तशी काळपट छटा आली. मी ते पुन्हा पुन्हा बुडवून काढत होते आणि अण्णा शेजारी उभा राहून भाजी जळतेय का बघावं तसा बघत होता. देव पाण्यात घालून बसणे म्हणतात, ते आम्ही अजून घातले नव्हते, पण तयारी तीच.

वेळ जावा म्हणून आईनं विचारलं की बाटलीतलं ते औषध असतं तरी काय. तिला मी नेहमी सोपं करून सांगते. म्हटलं, युरिया माहीत आहे ना, त्यात एका जागी ऑक्सिजन बसलेला असतो. त्याला उठवला आणि त्याच्या पाटावर गंधक बसवलं की झाला थायोयुरिया. बाकी घर तेच, माणसं तीच.

आई म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच."

मी चमचा हलवायची थांबले. ती मात्र सहज पुढं विचारत होती, जुन्याचं काम नवं करतं का. मी म्हटलं, काही कामं जमत नाहीत. खत म्हणून युरियाच लागतो. पण काही कामं अशी असतात की ती नव्यालाच जमतात, जुन्याला जमली नसती. आईनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही कळलं नाही, पण बरं वाटलं असावं.

जोडवं चांगलं काळं झालं तेव्हा मी टाक आणायला सांगितलं. वहिनीनं चारही टाक ताटलीत आणले आणि पातेल्यापाशी येऊन थांबली. काही बोलायचं होतं, पण सकाळपासून तिचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. मी जरा करवादलेच, काय ते बोल म्हटलं. तेव्हा ती चाचरत म्हणाली की चारही कशाला काळे करायचे? चारी काळे झाले तर अत्यांना पुन्हा रेघा शोधत बसायला लागणार, आणि उद्या डोळे आणखी गेले तर? एकच काळा करू या, मोठ्या आईंचा. पांढऱ्यांत एक काळा. शोधायलाच नको.

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी रेघा परत आणायच्या नादात होते, ती आईच्या नादात होती. पण बोलून झाल्यावर तिलाच भीती वाटली, कारण तिनं काय सुचवलं ते तिला कळलं. कार्याच्या दिवशी, चारचौघांत, सवाष्ण गेलेल्या बाईचा टाक काळा? देव चकचकीत आणि सवत तेवढी काळी, असं लोक म्हणाले तर? अण्णाचं तोंडही उतरलं. तो म्हणाला की आई, तुला नको असेल तर नको. आम्ही तिघंही आईकडं बघत राहिलो. टाक आईनं पुजलेला, शब्द आईनं दिलेला. तो टाक काळा करणं हा मान की अपमान, हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं.

आईनं फार विचार केला नाही. म्हणाली, कर.

मी तो एकच टाक पातेल्यात सोडला. नंतर धुऊन, पुसून, आईच्या हातात दिला. ती खिडकीकडं वळली नाही की तिरकं बघितलं नाही. तिनं चारही टाक लाल वस्त्रावर मांडायला लावले, कुठला कुठं ते आम्ही सांगायचं नाही म्हणाली. मग बोटावर कुंकू घेतलं आणि हात सरळ, न अडखळता, त्या काळ्या टाकावर गेला. काळ्यावर कुंकू असं उठून दिसलं की पांढऱ्या चांदीवर कधी दिसलं नव्हतं.

"सावळीच होती ती," आई म्हणाली. "तुझे अप्पा सांगायचे. आता शोभते."

अण्णा सावळा आहे. आम्ही बाकीचे गोरे, आईवर गेलेले. लहानपणापासून नातेवाईक त्याला चिडवायचे, हा कुणावर गेला रे, भांड्याच्या बुडावर का, म्हणून. तोही हसायचा. आपली आई कशी दिसत होती हे त्याला साठी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं, या आईला वाईट वाटेल म्हणून. तो खाली बसला आणि आपला हात टाकाशेजारी वस्त्रावर ठेवून बघत राहिला. वहिनी आत चहा ठेवायला गेली.

देव मी पुन्हा स्वच्छ धुतले, मगच आईला तीर्थ घेऊ दिलं, आणि उरलेली बाटली पिशवीत टाकून कारखान्यात नेली. ती अजून माझ्या कपाटात कुलपात आहे. टाकाचा काळा रोजच्या आंघोळीनं हळूहळू उतरतो, मग अण्णा स्वतः पादेलोणाचा डबा काढतो. वहिनीला हात लावू देत नाही. वासाबद्दल शेजारीण आता विचारत नाही.

कार्य छान झालं. आईला ओवाळलं, तिची तुला केली, आचाऱ्यानं जिलब्या थोड्या जाळल्या तेवढंच. आईनं सकाळची पूजा स्वतः केली, समई तेवढी वहिनीनं लावली, एवढी तडजोड तिनं मान्य केली. पाहुणे देव्हाऱ्यापुढं येऊन नमस्कार करत होते. मिरजेकडच्या नात्यातल्या एक काकू वाकल्या, निरखून बघितलं, आणि वहिनीला म्हणाल्या की बाकीचे देव लखलखतायत गं, हा एक घासायचा राहिला वाटतं. वहिनी गोरीमोरी झाली. मी काहीतरी रसायनशास्त्र सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात पानं वाढायला निघालेला अण्णा हातातली परात घेऊन तिथंच थांबला.

"राहिला नाही, काकू," तो म्हणाला. "ती माझी आई. ती अशीच होती."

आजवर आम्ही त्याच्या तोंडून मोठी आई एवढंच ऐकलं होतं. मी घाबरून आईकडं बघितलं, तिला हे कसं वाटेल म्हणून. आई खुर्चीवर बसली होती, नजर कुठंतरी बाजूला. तिनं अण्णाचा आवाज आला त्या दिशेला हात लांब केला आणि तो जवळ आल्यावर त्याच्या पाठीवरून फिरवला. मग म्हणाली, जा, पानं वाढ, लोक खोळंबलेत.